रविवारची तोंडी परीक्षा

इंडियाला जायची तारीख ठरली की न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या कॉम्प्लेक्समधले लोक आधी काकांना गाठायचे. इतरांच्या हॉलमध्ये जिथे सोफा असतो, तिथे काकांच्या हॉलमध्ये वजनकाटा होता. गोदामात असतो तसला, जमिनीलगतचा, लोखंडी. बदाम, पिस्ते, लोशनच्या बाटल्या आणि भाच्यांचे बूट कोंबलेल्या बॅगा ओढत माणसं त्यांच्या दारात यायची आणि काका चष्मा नाकावर ओढून म्हणायचे, "तीन पौंड जास्त. लोशन काढा." कोणी म्हणालंच, "काका, एवढं चालतं हो, एअरपोर्टवर कोण बघतंय," की ते बॅग उचलून त्याच्या पायाशी ठेवायचे. "मग माझ्याकडे कशाला आलात? जा एअरपोर्टवर."

काढलेलं लोशन काका स्वतःकडे ठेवून घेत. त्यावर तुमच्या नावाची चिठ्ठी चिकटवत आणि तुम्ही परत आलात की जिन्यात गाठून हातात देत. आमच्या शेजारणीला तिची शाम्पूची बाटली त्यांनी भर पार्किंग लॉटमध्ये, सगळ्यांसमोर परत केली होती. ती बिचारी कधीच विसरून गेली होती.

काका काटे तपासणाऱ्या एका लहानशा कंपनीत होते. दुकानं, औषधांचे कारखाने, मांस विकणारे, असं सगळीकडे फिरून काटा खरं वजन दाखवतो की नाही ते बघायचं. ही नोकरी त्यांच्या हाडात मुरली होती. कोटाच्या खिशात एक पितळी वजन कायम असायचं. देशी ग्रोसरीत भेंडी घ्यायच्या आधी ते वजन काट्यावर ठेवत आणि दुकानदार छताकडे बघत उभा राही. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बसायच्याही आधी त्यांनी स्टूल मागून घेतलं, भिंतीवरचं घड्याळ काढलं, दोन मिनिटं मागे केलं आणि मग म्हणाले, "हं, आता चहा टाका." मी नागपूरची. मनात म्हटलं, बाप्पा! हा माणूस आता वरचेवर येणार की काय?

तो वरचेवर आला नाही. मीच त्यांच्याकडे जायला लागले, आणि त्याचं कारण काकू.

काकू मिरजेला होत्या. काका अमेरिकेत शिकायला आले ते इथेच राहिले, सिटिझन झाले, आणि लग्नाचं वय उलटून गेल्यावर केव्हातरी तीन आठवड्यांची रजा काढून मिरजेला जाऊन लग्न करून आले. काकूंचंही वय उलटलेलंच होतं, वडिलांच्या आजारपणात गेलेलं. लग्न करून काका एकटेच परत आले, आणि सगळ्यांना सांगून मोकळे झाले की बायकोला परमनंट यायचं तर तिची इंग्लिशची परीक्षा होते. तयारी झाली की ते तिच्या ग्रीन कार्डाचे पेपर फाइल करणार. त्याला आता बरीच वर्षं झाली होती. मी त्या कॉम्प्लेक्समध्ये आले तेव्हाही तयारी चालूच होती.

बॅगा तोलून देण्याच्या बदल्यात काका एकच मागायचे. जाणाऱ्याच्या हातात एक कॅसेट द्यायचे आणि म्हणायचे, "मुंबईत उतरलात की ही मिरजेला कुरियर करा." कॅसेटवर काकांचाच आवाज. काका त्यात वकिलातीतला साहेब व्हायचे आणि बसक्या, अमेरिकन आवाजात विचारायचे, "गुड मॉर्निंग, मॅडम. प्लीज हॅव अ सीट. व्हॉट इज युअर हजबंड्स ऑक्युपेशन?" मग थोडी जागा मोकळी सोडायचे, काकूंनी उत्तर द्यावं म्हणून. मग स्वतःच उत्तर सांगायचे.

गणपतीत मंडळाच्या बायका जेवणाच्या रांगेत उभ्या राहून यावर मनसोक्त हसायच्या. "बायको आहे तरी का, की नुसत्या कॅसेटीच?" एकीने तर काकांना तोंडावर विचारलं, "काका, काकू कोणाला घाबरतात, साहेबाला की तुम्हाला?" काकांनी हातातली मसालेभाताची प्लेट खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "दोघांना. म्हणूनच आधी तयारी." हे 'आधी तयारी' त्यांचं पालुपद होतं. हिवाळ्याचे टायर लावतानाही तेच आणि पोळ्यांची कणीक भिजवतानाही तेच.

माझं सांगते. मी एच-फोरवर आले होते, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली बायको. राहा, खा, नोकरी करू नका. नागपूरला मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, वर्गात शंभर-सव्वाशे पोरं, आणि इथे दुपारी बारा वाजता खिडकीतून कचऱ्याचा ट्रक बघत उभी. चिडचिड व्हायची नुसती. नवऱ्यावर चिडून उपयोग नव्हता, तो बिचारा ऑफिसातून ग्रीन कार्डाची काळजी घेऊनच घरी यायचा. आमच्याकडे जेवताना दुसरा विषयच नसे. लेबर सर्टिफिकेट निघालं का, रांगेतली आपली प्रायॉरिटी डेट कुठवर आली, वकिलाने मेलला उत्तर दिलं का. त्या काळी कॉम्प्लेक्समधला प्रत्येक जण अर्धा वकील होता.

म्हणूनच काकांचं ते परीक्षेचं ऐकून माझ्या नवऱ्याला राहवलं नाही. एकदा बॅगा तोलायला गेलो असताना तो म्हणाला, "काका, चुकतंय तुमचं. बायकोच्या ग्रीन कार्डला इंग्लिश लागत नाही. ते सिटिझनशिपला लागतं. मुंबईत तर इंटरव्ह्यू मराठीतसुद्धा देता येतो, यार."

काकांनी बॅगेवरची नजर न काढता विचारलं, "तुझं झालं का ग्रीन कार्ड?"

"नाही अजून."

"मग?"

मी म्हटलं, "काका, मी आले ना. मला कोणी एक अक्षर विचारलं नाही."

"तू टेम्पररी आलीस. ती परमनंट येणार. आणि आता सगळे नियम रोज बदलतायत, न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यापासून. उद्या बदलला आणि तिला दारातून परत पाठवलं तर? बाईमाणूस, एकटी, मुंबईत. नाही. आधी तयारी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू इंग्लिशची प्रोफेसर ना? रविवारी सकाळी खाली येत जा. तिची ओरल घे. नुसता माझा आवाज ऐकून ऐकून तिला सवय झालीये. साहेब कोणीही असू शकतो."

नाही म्हणणार होते. पण रविवारी सकाळी माझा नवरा झोपलेला असे आणि मला शिकवायला मिळून दीड वर्ष झालं होतं. मी गेले.

काकांच्या घरात एकाच माणसाचं सामान होतं, आणि दुसऱ्या माणसाची जागा. टेबलाला दोन खुर्च्या, त्यातल्या एकीचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. दारामागच्या खुंटीवर बायकांचा निळा लोकरी कोट होता, दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबणारी. एका सेलमध्ये घेतला म्हणाले. "न्यू जर्सीची थंडी तिला माहीत नाही. आल्या दिवसापासून लागणार." मी हात लावून बघितला. चांगला जाड होता. खांद्यावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी वरून ड्रायक्लीनिंगची पिशवी घातलेली होती. मला त्या खोलीत पहिल्या दिवशी जे उदास वाटलं ते पुढे कधी गेलंच नाही.

कॉलिंग कार्डाचे लांबलचक आकडे दाबून काका फोन लावायचे, स्पीकरवर टाकायचे आणि एकदम साहेब व्हायचे. तिकडे संध्याकाळ झालेली असायची. काकू पहिल्या घंटेला उचलायच्या.

"गुड इव्हनिंग, सर," आवाज बारीक, जपून टाकलेला.

मग मी प्रश्न विचारायचे. प्रश्न काकांनी ठरवलेले, आणि सगळे काकांवरचे. कारण साहेब म्हणे लग्न खरं आहे की खोटं ते तपासतो. नवरा सकाळी काय खातो? कोणत्या कुशीवर झोपतो? त्याला कोणत्या भाजीने त्रास होतो? काकू अडखळत सांगायच्या, "ही इज ईट टोस्ट." काका मध्येच फोनकडे वाकायचे. आवाज इतका मऊ व्हायचा की मी दचकायचे. "टोस्ट नाही, मॅडम. ओट्स. लास्ट मंथपासून ओट्स. डॉक्टर म्हणाला कोलेस्टेरॉल आहे." तिकडून काकू, "कोलेस्टेरॉल हाउ मच, सर?" आणि काका आकडा सांगायचे.

काही रविवार गेल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली. पोरांच्या चुका मी आयुष्यभर तपासल्यात. माणसाच्या चुका त्याच्या हस्ताक्षरासारख्या असतात, पुन्हा पुन्हा त्याच येतात. काकूंच्या चुका तशा नव्हत्या. गेल्या रविवारी जे वाक्य बिनचूक म्हणाल्या ते या रविवारी पार मोडून टाकायच्या, आणि गेल्या रविवारी मोडलेलं आज सुरेख. मला वाटलं, घाबरत असतील. काकांना म्हटलं, "काकू प्रगती करतायत, पण धरसोड आहे." काका म्हणाले, "हं. अजून कच्ची आहे." आणि उठून भांडी घासायला लागले.

मग त्या जानेवारीतला रविवार. काका आजारी होते. छातीत कफ भरलेला, आठवडाभर कामावर गेले नव्हते आणि कॉम्प्लेक्समध्ये कोणाला पत्ता नव्हता. मी नेहमीसारखी खाली गेले तर दार उघडायलाच त्यांना पाच मिनिटं लागली. म्हटलं, आज फोन राहू द्या. छे! ब्लँकेट गुंडाळून बसले आणि नंबर लावला. पहिला प्रश्न मी विचारणार तोच त्यांना खोकल्याची उबळ आली. थांबेना. मी पाणी आणायला धावले. आणि मागे स्पीकरवर काकूंचा आवाज आला, बारीक नाही, जपून नाही, चांगला खणखणीत. "हाउ लाँग हॅव यू हॅड धिस कॉफ? हॅव यू सीन अ डॉक्टर? व्हाय डिडन्ट यू टेल मी लास्ट संडे?"

मी ग्लास हातात धरून तशीच उभी राहिले. इतकं सरळ, घाईचं, रागावलेलं इंग्रजी मी त्या फोनवर कधी ऐकलं नव्हतं.

काकांनी खोकला आवरला. घशातून आवाज निघेना तरी म्हणाले, "मॅडम, प्रश्न मी विचारतो."

मग तो जुना बारीक आवाज परत आला. "सॉरी, सर. यू गो डॉक्टर, सर?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना तूप घालून खिचडी दिली, दुपारी नवऱ्याला उठवून त्यांना डॉक्टरकडे न्यायला लावलं. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. वर्षानुवर्षं तयारी करणारी बाई, ती तयार आहे. कधीचीच तयार आहे. आणि इकडे हा माणूस कोटाला पिशवी घालून बसलाय. मला काकूंचा राग आला, खोटं कशाला सांगू? म्हटलं, ही बाई याला खेळवतेय.

पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या दिराचं लग्न कोल्हापूरला निघालं. काकांनी बॅगा तोलल्या, एक पौंड जास्त भरला म्हणून माझ्या हँडक्रीमची ट्यूब जप्त केली आणि कॅसेट दिली. मी म्हटलं, "काका, या वेळी कुरियर नाही. कोल्हापूरहून मिरज कितीसं लांब? मी स्वतः नेऊन देते." मला वाटलं खूश होतील. ते नुसते म्हणाले, "बघ जमलं तर. लग्नाची घाई असते." आणि कॅसेटवर रबर बँड चढवत बसले.

काकू मिरजेत सतारी, तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीतल्या एका दुकानात नोकरीला होत्या, हे मला माहीत होतं. काका म्हणायचे, "पत्रं वगैरे लिहिते तिथे." दुकानात शिरले तर चार-पाच माणसं भोपळे तासत बसलेली, सगळीकडे लाकडाचा भुसा, आणि काउंटरपाशी एक गोरी बाई हातवारे करत काहीतरी विचारत होती. तिच्यासमोर किरकोळ अंगाची, पंचेचाळीशीची, खांद्यावरून पदर घेतलेली बाई उभी. ती गोरीला समजावत होती की तंबोरा विमानात न्यायचा तर भोपळ्याभोवती काय गुंडाळायचं, तारा किती सैल करायच्या, एअरपोर्टवर सामान घेणाऱ्याला काय सांगायचं. सरळ, सावकाश, एक शब्द इकडचा तिकडे नाही. गोरी दमली तेव्हा खुर्ची पुढे ओढून ही म्हणाली, "प्लीज हॅव अ सीट, मॅडम." तसाच बसका आवाज, तसंच 'सीट'वर टेकणं. हुबेहूब काका.

गोरी गेल्यावर मी ओळख सांगितली. काकूंनी गोरी गेली त्या दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तू ऐकलंस."

"ऐकलं."

दुकानाच्या मागे वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या रांगेत आम्ही चहा घेऊन बसलो. मी भांडायच्या तयारीने आले होते. म्हटलं, "काकू, ते तिथे एकटे आहेत. तुमच्यासाठी कोट घेऊन ठेवलाय. तुम्हाला यायचं नसेल तर सांगून टाका ना! माणसाला असं किती दिवस टांगून ठेवायचं?"

"यायचं होतं गं मला," काकू म्हणाल्या. "पहिली दोन-तीन वर्षं खरंच येत नव्हतं इंग्लिश, आणि खरंच यायचं होतं. रोज कॅसेट लावायची. मग इथले मालक म्हणाले, तुम्ही शिकताय तर परदेशी गिऱ्हाइकांशी बोला. मी बोलायला लागले. आता कुठली कुठली माणसं येतात, पत्ता विचारत विचारत, आणि म्हणतात, त्या बाईंना बोलवा. मला, बाई! वडिलांची बेडपॅन धुण्यात माझी पंधरा वर्षं गेली. मला कधी कोणी बोलावलं नव्हतं. आणि हे मला कोणी दिलं? त्यांनीच दिलं. आता हे सोडून ये म्हणतात. कसं सांगू त्यांना, की तुम्ही शिकवलंत म्हणूनच मी येत नाही?"

मी म्हटलं, "तिथेही काहीतरी करता येईल."

"हो? तू प्राध्यापक होतीस ना? तू काय करतेस तिथे?"

"मी?" म्हटलं, "मी तुमची परीक्षा घेते." आणि आम्ही दोघी हसलो, पण माझं हसू फार टिकलं नाही.

"मग त्यांना इकडे बोलवा."

"बोलावलं होतं एकदा. म्हणाले, तिथे काही वेळेवर होत नाही." काकूंनी पदराने कप पुसला. "माणूस वाईट नाही गं. पण लग्नाच्या वेळचे ते तीन आठवडे... मी काही चुकले की गप्प बसायचे. भाजीत मीठ जास्त झालं, गप्प. रिक्षावाल्याला पत्ता नीट सांगता आला नाही, गप्प. दिवसच्या दिवस. फोनवर चुकले की किती छान समजावून सांगतात! तू ऐकतेस ना? मला त्या आवाजाशी संसार करायला आवडतो." मग जरा लाजून म्हणाल्या, "आणि कॅसेटमध्ये धडा संपला की ते बटण बंद करायला विसरतात. मग पुढे त्यांचं सगळं ऐकू येतं. चहा करतात, नळ सोडतात, एकटेच काहीतरी पुटपुटतात. मी ती बाजू संपेपर्यंत बसून राहते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी विचारलं, "ती परीक्षा मुळात नसतेच, हे माहीत आहे का तुम्हाला?"

"गिऱ्हाइकांपैकीच एकीने सांगितलंय कधीच. पण तू त्यांना सांगू नकोस हं. हातच जोडते. त्यांना वाटतं, तयारी झाली की ही येणार. त्या आशेवर बसलाय माणूस. रविवारी माझं चुकलं की त्यांना वाटतं, अजून थोडं राहिलंय. मग पुढचा आठवडा जातो."

निघताना त्यांनी काकांसाठी मेतकूट दिलं. मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि कोल्हापूरच्या एसटीत बसून सगळा रस्ता रडत आले. लग्नघरात सगळ्यांना वाटलं, सुनेला प्रवासाचा त्रास झाला.

परत आल्यावरचा पहिला रविवार. जिन्यावरून उतरताना मी ठरवून टाकलं होतं की काही बोलायचं नाही. दोन माणसांनी मिळून एवढं सांभाळलेलं, आपण कोण मोडणार? काकांनी दार उघडलं, माझी हँडक्रीमची ट्यूब मला परत दिली, मेतकुटाची पिशवी हातावर तोलून बघितली आणि टेबलावर ठेवली.

"भेटलीस?"

"भेटले."

"कशी आहे?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. "तुमची आठवण काढत होत्या. तयारी चालू आहे अगदी जोरात. अजून थोड्या कच्च्या आहेत, पण होईल."

काका खुर्चीत बसले. मला त्या दुसऱ्या खुर्चीत बस म्हणाले, प्लॅस्टिकवर. "खोटं बोलू नकोस," ते म्हणाले. "तुला जमत नाही."



"पाच वर्षं झाली असतील, तिला सगळं येतंय," काका म्हणाले. "ज्याला येत नाही तो भसाभस चुकतो. ती चुकायच्या आधी थांबते. बरोबर वाक्य आधी मनात म्हणते आणि मग कुठे मोडायचं ते ठरवते. मला ऐकू येतं ते."

"आणि तो नियम..."

"या देशाचा सिटिझन झालोय मी. नियम काय आहे ते मला माहीत नाही? सुरुवातीला नव्हता माहीत, मला खरंच वाटत होतं. नंतर कळलं. तोवर तिचं चुकणं सुरू झालेलं होतं."

मला राग आला. "मग काका, पेपर फाइल करा ना! एकदा काय ते होऊन जाऊ दे. स्पष्ट विचारा त्यांना, येणार की नाही."

काकांनी टेबलावरचा फोन दोन्ही हातांनी सरळ केला, तो सरळच होता.

"फाइल केले तर तिला नाही म्हणावं लागेल," ते म्हणाले. "ती म्हणेलही, बिचारी, रडत रडत म्हणेल. आणि एकदा नाही म्हणाली, की मग रविवारी फोन करून मी तिला काय विचारू? जेवलीस का, बरी आहेस का, हे नवरा-बायको विचारतात तसं आम्ही कधी बोललोच नाही गं. आम्हाला येतच नाही ते. एवढी परीक्षाच येते आम्हाला."

मला रडू आवरलं नाही. त्यांच्यासमोर बसून मी लहान पोरीसारखी रडले. काका उठले, त्यांनी पेपर टॉवेलचा एक तुकडा फाडून मला दिला आणि घड्याळाकडे बघितलं.

"पुरे आता, डोळे पूस," ते म्हणाले. "तिकडे संध्याकाळ झाली. ती वाट बघत असेल."